साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश

मुंबई शहराचा इतिहास लिहिणाऱ्यांनी किल्ला, बंदर, कापसाचा व्यापार आणि गिरण्यांची धुराडी ह्यांविषयी विपुल लिहून ठेविले आहे. त्या मानाने ह्याच शहरातील जिना, मोरी आणि खिडकी ह्यांच्या वाट्यास इतिहासकारांची शाई फार थोडी आली. वस्तुतः लाखो माणसांचे आयुष्य ज्यांनी घडविले वा बिघडविले त्या वस्तू ह्याच होत. हल्ली ‘शाश्वत घर’ व ‘सर्वांसाठी घर’ हे शब्दप्रयोग सरकारी योजनांत आणि इमारतींच्या जाहिरातींत सारख्याच उदारपणे योजिले जातात. त्यामुळे हा विचार जणू कालपरवाच समुद्रापलीकडून येथे आला अशी वाचकांची समजूत होण्याचा संभव आहे. परंतु सर्वांना परवडेल, सर्वांच्या प्रकृतीस सोसेल आणि पुष्कळ वर्षे टिकेल असे घर कसे बांधावे, हा प्रश्न गिरगाव-परळ भागात सव्वाशे वर्षांपूर्वीच उभा राहिला होता. त्याच्या एका अंगाचे उत्तर तर येथे चक्क अंशांत मोजून काढण्यात आले होते. ते उत्तर कोणते, आणि ते सापडल्यावर त्याचे पुढे काय झाले, हे पाहण्याचे आम्ही येथे योजिले आहे.

प्रारंभ प्लेगापासून करणे भाग आहे. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस ह्यांनी प्लेगचा रोगी ओळखला, आणि काही महिन्यांतच शहर ओस पडू लागले. ज्या पेठांत रोगाचा कहर झाला त्या दाट, अंधाऱ्या आणि ओलसर होत्या. तेव्हा अंधार आणि घाण हेच रोगाचे मूळ, असे सरकारी डॉक्टरांस वाटले. ह्या समजुतीतून १८९८ साली कायदा होऊन ‘बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट’ ही संस्था स्थापन झाली. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे आणि गरिबांसाठी नव्या चाळी बांधणे हे तिचे काम. पुढे ह्याच शहरात, परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये हलविलेल्या प्रयोगशाळेत, प्लेग उंदरावरील पिसवांमार्फत पसरतो ह्याची निर्णायक खात्री पटली. म्हणजे ज्या कल्पनेवर ट्रस्ट उभा होता तीच डळमळली! तथापि अंधाराविरुद्धचे युद्ध थांबले नाही, आणि ते थांबले नाही हेच बरे झाले. कारण प्लेगाहून अधिक चिवट असा क्षयरोग त्याच खोल्यांत घर करून होता, आणि त्याच्या बाबतीत उजेड व वारा ह्यांचे महत्त्व निर्विवाद ठरले.

ज्या घरांविरुद्ध हे युद्ध होते ती कशी होती? गिरगावातील जुनी चाळ ही मुळात वाईट बुद्धीने केलेली रचना नव्हे. लाकडी खांब-तुळयांचा सांगाडा, चुन्यात बांधलेल्या विटांच्या भिंती, वर मंगळुरी कौले, एकेका मजल्यावर ओळीने खोल्या आणि त्यांच्यापुढून जाणारी लांब गॅलरी. ह्या गॅलरीने उन्हाची तिरीप व पावसाची झड दोन्ही बाहेर अडवावी आणि खोलीत वारा येऊ द्यावा. चौकात लग्नकार्ये व्हावीत, उत्सव व्हावेत. १८९३ साली केशवजी नाईकांच्या चाळीत सुरू झालेला सार्वजनिक गणेशोत्सव चाळीच्या चौकावाचून कल्पिता येत नाही. लाकडाचा एखादा खांब कुजला तर तेवढाच बदलता येई, फुटलेले कौल काढून दुसरे बसविता येई. ज्याला आज ‘पर्यावरणपूरक बांधणी’ म्हणतात तिचे पुष्कळसे गुण कोणताही गाजावाजा न करता ह्या इमारतींत होते. जवळच्या खोताच्या वाडीतील पुढे पडवी व बाहेरून लाकडी जिना असलेली बसकी घरे पाहिली म्हणजे हीच विद्या मोकळ्या जागेत किती सुंदर दिसते हे कळते.

दोष शिरला तो लोभाच्या वाटेने. जागेचे भाव चढू लागले, तसतशी चाळीच्या पाठीस चाळ लागली, एका रांगेच्या जागी पाठीला पाठ लावून दोन रांगा आल्या, आणि मागल्या खोलीची खिडकी ‘हाउसगल्ली’त उघडू लागली. दोन इमारतींमधील ही अरुंद बोळ मूळची संडासाच्या टोपल्या काढणाऱ्या भंग्यांच्या येण्याजाण्यासाठी ठेवलेली. म्हणजे ज्या माणसांना चाळीच्या पुढल्या जिन्यास पाय लावू दिला जात नसे त्यांच्यासाठी राखलेल्या घाणीच्या वाटेवरून मागल्या खोलीतील बाळंतिणीस हवा मिळावयाची! जातिभेदाने केवळ माणसांचेच नव्हे तर इमारतींचेही आराखडे काढले, ह्याचा ह्याहून स्पष्ट पुरावा आम्हांस ठाऊक नाही. १९११ च्या खानेसुमारीत शहराची सुमारे ६९ टक्के वस्ती एकेका खोलीच्या बिऱ्हाडात राहत असल्याचे नमूद झाले. लालबाग-परळकडे तर कोकणातील एकेका गावच्या मंडळींनी मिळून घेतलेल्या खोल्या असत. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन ज्या जागी निजे, त्या जागेवरून दिवसपाळीचा माणूस नुकताच उठून गेलेला असे.

अशा वेळी ट्रस्टच्या अध्यक्षपदी जे. पी. ऑर नावाचे एक सनदी अधिकारी आले. ह्या गृहस्थांना उजेडाचे जवळजवळ वेड होते असे म्हटले तरी चालेल. १९१२ साली मुंबईतील राहत्या घरांतील उजेड व हवा ह्या विषयावर त्यांनी व्याख्यान दिले आणि आपला प्रसिद्ध नियम लोकांपुढे मांडला. तो असा की, खोलीच्या बाहेरील भिंतीच्या पायथ्यापासून जमिनीशी साडेत्रेसष्ट अंशांचा कोन करून एक रेषा वर काढावी. समोरच्या इमारतीचा कोणताही भाग त्या रेषेच्या वर येता कामा नये. हा आकडा विचित्र दिसतो, पण त्यामागील गणित अगदी सोपे आहे. ह्या कोनात उंची ही अंतराच्या दुप्पट भरते. अर्थात समोर साठ फुटांची इमारत असेल तर मध्ये तीस फूट मोकळी जागा हवी. ह्याऐवजी पंचेचाळीस अंशांचा नियम धरला असता तर जितकी उंची तितके अंतर सोडावे लागले असते, आणि मुंबईच्या जमिनीच्या भावात ते कोणीच मानले नसते. म्हणून साडेत्रेसष्ट ही आरोग्य आणि भाडे ह्यांच्यामधील तडजोड होती.

ही तडजोड किती कमीत कमी होती हे मुद्दाम पाहण्यासारखे आहे. मुंबईच्या अक्षांशावर डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारचा सूर्यही क्षितिजापासून सुमारे ४७-४८ अंशांपेक्षा वर चढत नाही. म्हणजे ऑर साहेबांचा नियम तंतोतंत पाळूनही तळमजल्यावरील दक्षिणेकडील खोलीत ऐन हिवाळ्यात थेट ऊन पडण्याची शाश्वती नव्हती. नियमाने ऊन दिले नव्हते. आकाशाचा एक तुकडा तेवढा दिला होता. परंतु हा तुकडा सर्वांत खालच्या आणि सर्वांत वाईट खोलीला मिळालाच पाहिजे, हा त्यातील खरा आग्रह होय. इमारतीची सरासरी चांगली आहे एवढ्यावर न भागवता तिच्यातील शेवटच्या खोलीपासून मोजमाप सुरू करणारा हा नियम आम्हांस ह्या शहराच्या घरबांधणीतील सर्वांत लोकशाहीवादी वाक्य वाटते, आणि ते एका परक्या नोकरशहाने लिहिले ह्याची मौजही वाटते.

वाक्य लिहिले गेले. व्यवहार मात्र निराळा झाला. ट्रस्टने वस्त्या पाडल्या वेगाने आणि बांधल्या संथपणे. सँडहर्स्ट रोडसारखे रुंद रस्ते निघाले (हाच आजचा सरदार वल्लभभाई पटेल मार्ग), आणि तेथून उठविलेले गरीब लोक शेजारच्याच गल्लीत जाऊन तेथील दाटी वाढवू लागले. पॅट्रिक गेडेस, जे पुढे १९१९ मध्ये मुंबई विद्यापीठात समाजशास्त्राचे पहिले प्राध्यापक झाले, ह्या पाडापाडीचे कडवे टीकाकार होते. जुन्या वस्तीत जपून थोडेसे कापावे, एखादे पडके घर काढून तेथे चौक करावा, बाकीचे राखावे, असे त्यांचे म्हणणे. त्यांनी ह्यास शस्त्रक्रियेची उपमा दिली होती. मुंबईने गेडेस ह्यांना मान दिला, व्याख्यानास गर्दी केली, आणि त्यांचे ऐकले नाही.

तरीसुद्धा ट्रस्टच्या चाळींचे एक ऋण मान्य केले पाहिजे. परळला पोयबावडी येथील अशाच एका चाळीत दोन खोल्यांत डॉ. बाबासाहेब आंबेडकर ह्यांनी सुमारे वीस वर्षे काढली. ज्या माणसास १९१७ साली बडोदे संस्थानात उच्च पदावर असूनही राहावयास घर मिळाले नाही, पारशी नाव सांगून ज्यास पारशांच्या धर्मशाळेत उतरावे लागले आणि तेथूनही लाठ्या घेऊन आलेल्या जमावाने ज्यास घालविले, त्या माणसास परळच्या सार्वजनिक संस्थेच्या चाळीत खोली होती, ही गोष्ट लहान नव्हे. ‘सर्वांसाठी’ ह्या शब्दाचा अर्थ भाड्यापुरता संपत नाही. दार कोणासाठी उघडते हेही त्यात येते. पुढे १९३० नंतरच्या काळात दादरच्या हिंदू कॉलनीत त्यांनी ‘राजगृह’ बांधले आणि त्यातील मोठा भाग ग्रंथांस दिला. ही दादर-माटुंग्याची वसाहतही ट्रस्टनेच आखलेली. रुंद रस्ते, झाडे, बेताचे मजले, सर्व बाजूंनी हवा. साडेत्रेसष्ट अंशांचे आकाश पाहावयाचे असेल तर ते तेथे, मध्यमवर्गाच्या आणि सुखवस्तू लोकांच्या घरांवर, आजही पाहता येते. ज्या गिरणीकामगारासाठी नियमाचा जन्म झाला त्याच्या वाट्यास ते क्वचितच आले.

मध्यमवर्गाने आपला प्रश्न आणखी एका मार्गाने सोडविला, तो म्हणजे सहकाराचा. गिरगावला लागून असलेल्या गावदेवीत १९१५ साली रावबहादुर श्रीपाद सुब्राव तालमकी ह्यांच्या पुढाकाराने सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदली गेली. भाडेकरूनेच संस्थेचे भाग घ्यावेत, संस्थेने कर्ज काढून इमारती बांधाव्यात, आणि दरमहाच्या भाड्यातून ते कर्ज फिटत जाऊन भाडेकरू हाच सर्वांसह मालक व्हावा, अशी ती योजना. कानडा जिल्ह्यातून येऊन कारकुनी करणाऱ्या कुटुंबांना घरमालकाच्या जाचातून सोडविणारी ही युक्ती इतकी यशस्वी झाली की आज मुंबईतील बहुतेक इमारती कायद्याने ‘सोसायटी’च असतात. परंतु ती एका ज्ञातीची संस्था होती, हेही विसरता येत नाही. परस्परविश्वासाचा पाया ज्ञातीत सापडला म्हणून संस्था उभी राहिली. आणि त्याच पायामुळे कुंपणही उभे राहिले. २००५ साली अहमदाबादच्या एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने, सभासदत्व एका समाजापुरते ठेवण्याचा संस्थेचा नियम वैध ठरविला. आजही विशिष्ट आडनावाच्या माणसास घर दाखविण्यापूर्वी दलाल का घुटमळतो हे ज्यांना कळत नसेल त्यांनी ह्या इतिहासाकडे पाहावे.

कामगारांसाठी सर्वांत मोठा प्रयत्न झाला तो १९२० नंतर. गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड ह्यांनी ‘डेव्हलपमेंट डिपार्टमेंट’ स्थापिले. शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया कर बसविला. आणि पन्नास हजार खोल्या बांधण्याचा संकल्प सोडला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, शिवडी व डिलाइल रोड मिळून २०७ चाळी झाल्या. तळमजला व तीन मजले, प्रत्येक मजल्यावर वीस आणि एका चाळीत ऐंशी खोल्या, खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास समाईक. ह्याच त्या बी. डी. डी. चाळी. लाकूड आणि चुना गेला, सळईचे काँक्रीट आले. इमारती भक्कम झाल्या. इतक्या की शंभर वर्षे उभ्या राहिल्या. पण सुरुवातीस लोक तेथे जाईनात. वरळी तेव्हा गिरण्यांपासून दूर, भाडे कामगाराच्या ऐपतीस जड, बाजार नाही. पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या, आणि १९३० च्या कायदेभंगात सरकारने काही चाळींचा तात्पुरता तुरुंग म्हणून उपयोग केला. कामगारासाठी बांधलेले घर फारसा फेरफार न करता तुरुंग म्हणून चालते, ह्यावर अधिक टीका करण्याची आवश्यकता नाही. ह्याउप्पर त्या चाळींस माणसांनीच घर बनविले; दलित आणि कामगार चळवळीची, नाटकमंडळ्यांची, व्यायामशाळांची ती पुढे राजधानी झाली.

ह्यानंतरचे प्रकरण सर्वांस परिचित आहे, म्हणून ते थोडक्यात सांगतो. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठविली. त्यामुळे माणसे घरात टिकली. घरे मात्र टिकेनात, कारण दहा रुपयांच्या भाड्यात मालक वासाही बदलीना. खोल्या पागडीने हस्तांतरित होऊ लागल्या. १९६९ साली दुरुस्ती मंडळाचा कायदा आला, तेव्हा उपकरप्राप्त जुन्या इमारतींची संख्या १९,६४२ भरली. आज दर पावसाळ्यात त्यांतल्या काहींना टेकू लागतात आणि एखाददुसरी कोसळते. दुसरीकडे १९८२ च्या संपानंतर गिरण्या बंद पडत गेल्या. त्यांच्या सुमारे सहाशे एकर जमिनीपैकी एकेक तृतीयांश वाटा मोकळ्या जागेस व लोकांच्या घरांस मिळावा असा १९९१ चा नियम होता. चार्ल्स कोरिया ह्यांच्या समितीने १९९६ मध्ये त्याचा आराखडाही दिला. २००१ च्या दुरुस्तीने वाटणी फक्त आधीच रिकाम्या असलेल्या जमिनीपुरती ठरविली, आणि वाट्यास आलेली भाकर चतकोरही राहिली नाही.

आता जिन्याविषयी दोन शब्द. उजेडाचा विचार करणाऱ्या ऑर साहेबांनी, सहकाराचा विचार करणाऱ्या तालमकींनी वा काँक्रीटचा विचार करणाऱ्या लॉइडच्या खात्याने ज्याचा विचार केलेला दिसत नाही तो माणूस म्हणजे म्हातारा, पांगळा, आंधळा. चाळीचा लाकडी जिना उभा आणि अरुंद. धरावयास वरून सोडलेला दोर. संडास गॅलरीच्या टोकाशी, उकिडवे बसण्याचा. गुडघे गेलेली आजी एकदा तिसऱ्या मजल्यावर चढली की तिची पुढली खेप चार माणसांच्या खांद्यावरूनच खाली येई, हे चाळकऱ्यांना ठाऊक असलेले सत्य ‘बटाट्याची चाळ’ वाचून हळवे होणाऱ्या आमच्या मध्यमवर्गीय मंडळींच्या स्मरणरंजनात सहसा सापडत नाही. चाळीच्या शेजारधर्माचे गोडवे प्रायः चाळ सोडून गेलेलेच गातात. शेजारधर्म खरा होता. परंतु तो जिन्याची भरपाई म्हणून निर्माण झालेला होता, हेही खरे. स्वातंत्र्यानंतर गृहनिर्माण मंडळाने बांधलेल्या कित्येक वसाहतीही तीन-चार मजल्यांच्या आणि लिफ्टवाचून राहिल्या.

कायद्याची दृष्टी ह्या बाबतीत फार उशिरा उघडली. १९९५ चा अपंगांसंबंधीचा कायदा आणि त्याच्या जागी आलेला २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा ह्यांनी इमारतीत शिरता येणे हा हक्क मानला. सुगम्यतेच्या अटी पाळल्यावाचून आराखड्यास परवानगी देऊ नये, असे २०१६ च्या कायद्याचे कलम ४४ सांगते. बारा फूट लांबीस एक फूट चढ, चाकांची खुर्ची जाईल इतके रुंद दार, पहिल्या पायरीआधी उतार, असली मापे आता छापील मिळतात. तरीपण नियमांतील पुष्कळसा भाग केवळ शिफारशीच्या स्वरूपाचा आहे आणि तो बंधनकारक झाला पाहिजे, असे २०२४ च्या नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयास राजीव रतुरी ह्यांच्या प्रकरणात सांगावे लागले. अंशांचा नियम सांगणाऱ्या शहरास उताराचे माप शिकण्यास शंभर वर्षे लागली!

आणि ज्या काळात उताराचे माप शिकले, त्याच काळात अंशांचे विसरले. पुनर्वसनाच्या इमारतींस मोकळ्या जागेच्या नियमांतून सवलती देण्यात आल्या. गोवंडी-मानखुर्द भागात रस्ते व रेल्वेच्या कामांसाठी उठविलेल्या कुटुंबांकरिता सात-सात मजल्यांच्या इमारती सुमारे तीन मीटर अंतरावर एकमेकींसमोर उभ्या केल्या गेल्या. ऑर साहेबांचा नियम लावला तर तेथे दहा-अकरा मीटर तरी हवे होते. तेथला कोन ऐंशी अंशांच्या वर जातो. २०१८ च्या सुमारास ‘डॉक्टर्स फॉर यू’ ह्या संस्थेने तेथील वसाहतींची पाहणी केली, तेव्हा जेथे उजेड व हवा कमी पोहोचते तेथे क्षयाचे रोगी अधिक आढळले. ह्या खोल्यांत नळ आहे, स्वतंत्र संडास आहे, कागदावर मालकी आहे. १९१२ च्या कोणत्याही चाळकऱ्यास त्यांचा हेवा वाटला असता. नाही ते एवढेच, आकाश.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये वरळीच्या बी. डी. डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना नव्या उंच इमारतींतील पाचशे चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. एकशेसाठ फुटांत तीन पिढ्या काढलेल्या माणसांच्या आनंदात विरजण घालण्याचा अधिकार कोणासही नाही, आम्हांस तर नाहीच. लिफ्ट आहे, म्हणजे आजी खाली उतरू शकेल. संडास घरात आहे, म्हणजे रात्री गॅलरी तुडवावी लागणार नाही. परंतु जेथे आजीचे उतरणे लिफ्टवर, लिफ्ट विजेवर आणि वीज व देखभाल दरमहाच्या वर्गणीवर अवलंबून आहे, तेथे पेन्शनीत निघालेल्या गिरणीकामगारास ती वर्गणी किती वर्षे झेपेल, हा हिशेब किल्ली मिळाल्यानंतर सुरू होतो. नायगाव व डिलाइल रोड येथील कामे चालू आहेत. वरळीसही बहुसंख्य कुटुंबे अजून आपल्या पाळीची वाट पाहत आहेत. त्यांना मिळणाऱ्या आराखड्यांत खोलीचे क्षेत्रफळ ठळक अक्षरांत असते. समोरच्या इमारतीची उंची आणि मधले अंतर हे दोन आकडेही त्याच कागदावर असतात, आणि त्यांवरून कोन काढावयास शाळेतले गणित पुरते.